जोडणी नेमकी कोठे तुटते?

कार्यालयीन कामकाजातील अनेक नोंदी आज वेबसेवांमार्फत होतात. कार्यालयातील संगणकावरील लहानशी आज्ञावली दूरच्या सर्व्हरकडे माहिती मागते अथवा पाठविते. ही देवाणघेवाण खंडित झाली की ‘सर्व्हर बंद आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः जोडणी चार टप्प्यांनी पूर्ण होते आणि प्रत्येक टप्प्यावरील बिघाडाची खूण निराळी असते.

पहिल्या टप्प्यात सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधला जातो. तो न मिळाल्यास नावाचे स्पेलिंग, इंटरनेट व डीएनएस तपासावे. दुसरा टप्पा प्रत्यक्ष जोडणीचा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे समोरून तत्काळ नकार आला. त्या पोर्टवर सेवा चालू नाही, असा त्याचा बहुधा अर्थ होतो. ‘टाइमआउट’ म्हणजे ठराविक वेळेत उत्तरच आले नाही. अशा वेळी फायरवॉल व प्रॉक्सी यांकडे प्रथम पाहावे.

तिसऱ्या टप्प्यात सर्व्हरचे प्रमाणपत्र पडताळले जाते. संगणकाचे घड्याळ चुकले तरी ही पडताळणी फसते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘लेट्स एन्क्रिप्ट’च्या प्रमाणपत्रांना आधार देणारे एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले. तेव्हा सर्व्हर सुस्थितीत असूनही अनेक जुन्या संगणकप्रणालींची जोडणी तुटली. प्रणाली अद्ययावत करणे हाच यावरील योग्य उपाय होय. पडताळणीच बंद केल्यास काम तात्पुरते सुरू होते. परंतु लाभार्थींची माहिती कोणाच्या हाती जाते, याची शाश्वती उरत नाही.

चौथा टप्पा उत्तराचा. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०४ म्हणजे मागितलेली गोष्ट त्या पत्त्यावर नाही, ४२९ म्हणजे विनंत्या फार झाल्या, तर ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. असा क्रमांक येणे हाच जोडणी झाल्याचा पुरावा असतो.

सर्वाधिक दक्षता पुनःप्रयत्नात हवी. नोंद पाठविल्यानंतर उत्तर न आल्यास नोंद झालीच नाही, असे मानता येत नाही. ती सर्व्हरवर पोहोचून केवळ पोच वाटेत हरवलेली असू शकते. तीच नोंद आंधळेपणाने पुन्हा पाठविल्यास एकाच व्यक्तीच्या नावे अनुदान दोनदा निघण्याचा धोका संभवतो. म्हणून प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक द्यावा, त्या क्रमांकाची पुनरावृत्ती सर्व्हरने नाकारावी आणि दोन प्रयत्नांतील अंतर १, २, ४ सेकंद असे वाढवीत न्यावे.

तक्रार करताना बिघाडाची वेळ, सेवेचा पत्ता व त्रुटीचा संदेश जसाच्या तसा कळविल्यास दुरुस्ती सुलभ होते आणि नागरिकांचे हेलपाटे वाचतात.