शेजाऱ्याचा डोस आपला नव्हे
बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४८ पासून स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांचे इन्सुलिन आणि पथ्य सांभाळत. आपल्या घरात डॉक्टर नसतो, म्हणून वही हवी.

एकाच घरात आईला १० युनिट पुरतात, मुलाला ३० लागतात. वजन, जेवण, काम, किडनी अशा सगळ्यांवर डोस ठरतो. त्यात भिवंडीत आज दिवसपाळी, उद्या रातपाळी. मागावर रात्रभर उभे राहिले की साखर उतरते. इन्सुलिन टोचून जेवायला उशीर झाला तर जास्तच. म्हणून आम्ही सांगतो, उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर, पाळी, जेवणाची वेळ, घेतलेला डोस, सगळे लिहा. वही पाहूनच डॉक्टर डोस थोडाथोडा बदलतात. पाळी बदलणार असेल तर आधीच विचारा.

सिरिंज मात्र नीट पाहा. बाटलीवर ४० लिहिले असेल तर लाल टोपणाची, १०० असेल तर नारिंगी. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले तर अंगात ५० युनिट जातात!

घाम, थरथर सुटली, साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. रिक्षा करून थेट आयजीएमला न्या.