ठेवीदारांनो, पावती जपा, संघटित व्हा!

जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या दानाच्या रकमेची नोंद आहे. ठेव म्हणजे विश्वास आणि नोंद म्हणजे त्याचा पुरावा!

आज मात्र मुदतठेव मोडून दामदुपटीच्या मागे धावणारे बांधव आम्ही बँकेच्या काउंटरवरून पाहतो. पैसे बुडालेच, तर एकट्याने रडू नये. १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार हितसंबंध संरक्षण कायद्यानुसार पोलिसांत तक्रार द्यावी. त्यात मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना पैसे वाटण्याची तरतूद आहे. कंपनी असल्यास २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २४५ नुसार १०० ठेवीदार एकत्रितपणे न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात.

मूळ पावती मात्र एजंटाच्या हाती देऊ नये, झेरॉक्स द्यावी. पर्ल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाने नेमलेल्या लोढा समितीनेही हेच बजावले होते.