टिक्का रोगाच्या ठिपक्यांची संगणकाद्वारे मोजणी

टिक्का हा भुईमुगावरील सर्वपरिचित रोग होय. तो दोन निरनिराळ्या बुरशींमुळे होतो. लवकर येणाऱ्या टिक्क्याचे ठिपके तपकिरी असून त्यांच्याभोवती पिवळे वलय दिसते. उशिरा येणाऱ्या टिक्क्याचे ठिपके काळपट असून ते पानाच्या खालच्या बाजूस अधिक ठळक दिसतात. औषध फवारलेल्या व न फवारलेल्या वाफ्यांची तुलना करावयाची असल्यास पानाचा किती भाग रोगाने व्यापला आहे, हे ठाऊक असणे आवश्यक असते. हा अंदाज बहुधा नजरेने केला जातो. परंतु एकाच पानाकडे पाहून एक कार्यकर्ता दहा टक्के म्हणतो, तर दुसरा वीस टक्के. लहान लहान ठिपके विखुरलेले असले म्हणजे नजर हटकून जास्त आकडा सांगते. अशा अंदाजांवरून एक औषध चांगले व दुसरे वाईट ठरविल्यास शेतकऱ्याचा पैसा व्यर्थ जाण्याचा संभव असतो.

चित्रातील पिक्सेल

मोबाइलने काढलेले छायाचित्र हे रंगांच्या अतिसूक्ष्म चौकोनांचे बनलेले असते. या चौकोनास पिक्सेल म्हणतात. आडवे ४,००० व उभे ३,००० पिक्सेल असलेल्या चित्रात १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. सेकंदास एक याप्रमाणे ते अहोरात्र मोजले, तरी सुमारे १३९ दिवस लागतील. संगणक हेच काम काही क्षणांत करतो. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा व निळा या तीन रंगांचे प्रमाण ० ते २५५ या आकड्यांनी नोंदलेले असते. निरोगी पानाच्या पिक्सेलमध्ये हिरव्याचा आकडा लालपेक्षा स्पष्टपणे मोठा असतो. तपकिरी ठिपक्यात व पिवळ्या वलयात लाल हा हिरव्याच्या बरोबरीस येतो किंवा त्यापुढे जातो. मोजणीचा सर्व पाया या साध्या फरकावर उभा आहे.

मॅक्रो म्हणजे काय?

चार वाफे, प्रत्येकातील ३० पाने व हंगामात तीन वेळा पाहणी, असे धरल्यास ३६० छायाचित्रे होतात. प्रत्येक चित्र उघडणे, रंग निवडणे, मोजणे व आकडा उतरविणे हे हाताने करणे कंटाळवाणे असते, आणि कंटाळ्यातून चुका होतात. याकरिता संगणकास कामांची क्रमवार यादी एकदाच लिहून देतात. या यादीस मॅक्रो म्हणतात. इमेज-जे हा विनामूल्य कार्यक्रम या कामास सोयीचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी तो तयार केला व १९९७ साली तो उपलब्ध झाला. त्यात एका चित्रावर केलेल्या क्रिया मॅक्रोच्या रूपाने नोंदवून घेण्याची व तोच मॅक्रो संपूर्ण संचावर चालविण्याची सोय आहे.

छायाचित्र कसे घ्यावे?

१. पान निळ्या, चकाकी नसलेल्या पुठ्ठ्यावर सपाट ठेवावे. पांढऱ्या कागदावर पडणारी करडी सावली ठिपका म्हणून मोजली जाण्याची भीती असते.

२. चित्र मोकळ्या सावलीत, दिवा न लावता घ्यावे. उन्हात पानावर चकाकी येते व तेवढा भाग मोजणीतून निसटतो.

३. मोबाइलचे अंतर, पानाची बाजू व दिवसाची वेळ सर्व वाफ्यांसाठी एकच ठेवावी.

४. रंग खुलविणाऱ्या सोयी बंद ठेवाव्यात. संदेशातून पाठविताना चित्र आकुंचित होते. म्हणून मूळ चित्र जपून ठेवावे.

५. चित्राच्या नावात वाफ्याचा क्रमांक, तारीख व पानाचा क्रमांक घालावा.

नियम व त्याची पडताळणी

मॅक्रोत पुढील क्रम ठेवावा. ज्या पिक्सेलमध्ये निळा रंग इतर दोहोंपेक्षा जास्त, तो पुठ्ठा समजून वगळावा. उरलेले सर्व पिक्सेल पानाचे. त्यांपैकी ज्यांत लालला हिरव्याने भागल्यास ०.९५ पेक्षा कमी येते ते निरोगी व बाकीचे रोगट धरावेत. समजा, पानाचे ३० लाख पिक्सेल असून त्यांपैकी २ लाख ४० हजार रोगट निघाले, तर रोगाचे प्रमाण ८ टक्के झाले.

०.९५ हा आकडा प्रारंभापुरता आहे. प्रथम दहा पाने आलेख कागदावर रेखून चौकोन मोजावेत व मॅक्रोच्या उत्तराशी ताडून पाहावेत. काळ्या ठिपक्यांत तिन्ही आकडे लहान व जवळजवळ सारखे असल्याने तेथे विशेष लक्ष द्यावे. पिवळे वलय रोगात धरावयाचे की नाही, हेही आधीच ठरवावे. नियम बदलल्यास तो सर्व चित्रांवर पुन्हा चालवावा. न पटणाऱ्या चित्रांपुरताच नियम बदलणे म्हणजे मनाजोगते उत्तर काढणे होय. मॅक्रो थकत नाही, हे खरे. पण नियम चुकीचा असेल तर तीच चूक तो ३६० वेळा न थकता करतो.

गळलेल्या पानांचा हिशेब

टिक्का वाढला म्हणजे पाने गळतात, आणि गळलेले पान छायाचित्रात येत नाही. समजा, पहिल्या वाफ्यात मुख्य खोडावरील १५ पेरांपैकी ९ पेरांची पाने गळली व उरलेल्या पानांवर ८ टक्के रोग दिसला. दुसऱ्या वाफ्यात १५ पैकी ३ पेरांची पाने गळली व उरलेल्यांवर १२ टक्के रोग आढळला. केवळ संगणकाचा आकडा पाहणारा पहिला वाफा बरा म्हणेल. वस्तुतः तेथे ६० टक्के पाने नाहीशी झाली आहेत, तर दुसऱ्यात २० टक्केच. यासाठी प्रत्येक पाहणीत निवडलेल्या झाडांची पेरे व गळलेली पाने मोजून तो आकडा पिक्सेलच्या आकड्याशेजारी लिहावा.

तसेच ठिपका कशामुळे पडला, हे मॅक्रो सांगत नाही. औषधाने करपलेला किंवा अन्नद्रव्याच्या कमतरतेने पिवळा पडलेला भागही तो रोगट म्हणूनच मोजतो. म्हणून रोगाची ओळख प्रथम शेतात करून घ्यावी व मगच मोजणी करावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांसमक्ष पाने निवडावीत, नियम समजावून सांगावा व आलेले आकडे त्यांना दाखवावेत. अशा रीतीने काढलेल्या आकड्यावर शेतकऱ्याचाही विश्वास बसतो व पुढील हंगामात कोणते औषध घ्यावे, याचा निर्णय त्यास स्वतः घेता येतो.