डोक्याचा मुका मार आणि मुलाचा राग

कबड्डी खेळताना डोक्याला मुका मार बसतो. सीटी स्कॅन निर्दोष येतो आणि पालक निश्चिंत होतात. परंतु मेंदूच्या सूक्ष्म तंतूंवर पडलेला ताण स्कॅनमध्ये दिसतोच असे नाही. कपाळामागील भाग भावनांना आवर घालतो. त्याच्या कार्यात व्यत्यय आला की मूल क्षुल्लक कारणाने चिडते, रडते. डोकेदुखी व अपुरी झोप त्यात भर घालतात. अशा मुलास उद्धट ठरवून शिक्षा करणे अन्यायाचे होय. वारंवार उलटी, झटके वा वाढती गुंगी दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. एरवी १-२ दिवस विश्रांती, मग क्रमाक्रमाने अभ्यास. खेळ मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच. बहुतेक मुले सुमारे ४ आठवड्यांत सावरतात. त्यापुढेही त्रास राहिल्यास पुन्हा तपासणी करावी. तोवर मुलाला समजून घ्यावे.