शिसं, शिसपेन्सिल आणि मेसचा जार

धरण उशाला अन् कोरड घशाला म्हणतात ना, तसं आपलं आहे. डिंभे, माणिकडोह जवळ असूनही जुन्नर-आंबेगावात लग्नापासून मेसपर्यंत वीस लिटरचे जार विकत येतात. आपण त्याला 'मिनरल वॉटर' म्हणतो, पण आपल्या मेसच्या जारमध्ये असतं ते बोअरचं, आर.ओ.मधून गाळलेलं पाणी.

गेल्या वर्षी रूममेटने त्यात टी.डी.एस. मीटर बुडवला. आकडा ४२. "एकदम प्युअर!" सगळ्याजणी खूश. केमिस्ट्रीच्या सरांनी एवढंच विचारलं, "अगं, पण त्यात शिसं किती?"

मी कॉन्व्हेंटची. शिसं म्हणजे शिसपेन्सिलीतलं, एवढंच मला माहीत. (त्यात शिसं नसतंच, ग्राफाइट असतं!) मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षारांचा अंदाज देतो, तोही पूर्ण मिलिग्रॅममध्ये. आय.एस. १०५०० (२०१२) या मानकात दर लिटरला शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३, पाऱ्याची ०.००१. म्हणजे शिसं मर्यादेच्या पाचपट झालं तरी मीटरवर ४२ चे ४२च! आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात घातक. मेसच्या मावशींचा चार वर्षांचा मुलगा हेच पाणी पितो.

मग मोजायचं कसं? पाण्याचा थेंब ग्राफाइटच्या नळीत (पुन्हा ग्राफाइट!) दोन हजार अंशांच्या आसपास तापवतात. शिशाचे मोकळे अणू २८३.३ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात. जितका प्रकाश जास्त शोषला, तितकं शिसं जास्त. शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून नमुन्यात आधी थोडं नायट्रिक ॲसिड घालतात.

मी कोल्ड्रिंकची बाटली धुऊन तीत नमुना भरला, लॅबमधलं साधं ॲसिड घातलं आणि पुण्याला पाठवला. रिपोर्टमध्ये शिसं मर्यादेच्या वर! मी तर 'जारचं पाणी पिऊ नका' अशी नोटीसही लिहिली. सर म्हणाले, "ब्लँक कुठाय?"

तशाच बाटलीत डिस्टिल्ड वॉटर आणि तेच ॲसिड घालून पाठवलं. शिसं जवळजवळ तेवढंच! मी जारचं पाणी मोजलंच नव्हतं; बाटली नाहीतर ॲसिड मोजलं होतं. बाटलीतून पाण्यात धातू उतरतोच. २००६ साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या संशोधकांनी दाखवलं, की एका ब्रँडच्या मूळ भूजलात अँटिमनी लिटरला ४ नॅनोग्रॅम होता, तर त्याच ब्रँडच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ३६०. अर्थात तोही मर्यादेच्या खूप आत.

मग बाटली नायट्रिक ॲसिडने धुतली, शुद्ध ॲसिड वापरलं, सोबत ब्लँक पाठवला. शिसं मर्यादेच्या आत आलं. नोटीस लागली असती तर कर्ज काढून प्लांट टाकलेल्या जारवाल्या दादाचा धंदा माझ्यामुळे बसला असता.

तरी हा निकाल त्या एका दिवसाचा, एका जारचा आणि फक्त शिशाचा. उन्हाळ्यात बोअर खाली जातो तेव्हा पुन्हा तपासायला हवं. मेस कमिटीने वर्षातून दोनदा एवढं करावं, ही विनंती. आणि रिपोर्ट हातात आला की आधी विचारा, ब्लँक किती होता?