शंका-समाधान : खिडकीबाहेरचं झाड

प्रश्न : सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. कॉट हॉलमध्ये, टीव्हीसमोर आहे. मागच्या खोलीतून पिंपळ दिसतो. स्वयंपाक आटोपून मी तिथं पाच मिनिटं उभी राहिले तरी बरं वाटतं. कॉट तिकडे हलवू म्हटलं, तर घरातले हसतात. झाड बघून दुखणं कमी होतं का?
— एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : हसू द्या, कॉट हलवा. रॉजर उल्रिच या अमेरिकी संशोधकानं पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचे १९७२ ते १९८१ या काळातले केसपेपर तपासले. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडं, निम्म्यांच्या बाहेर विटांची भिंत. झाडवाले सरासरी आठ दिवसांच्या आत घरी गेले, भिंतवाल्यांना जवळपास पाऊण दिवस जास्त लागला. पाऊण दिवसाचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. मला त्यातली दुसरी नोंद मोलाची वाटते : झाडवाल्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली आणि नर्सच्या शेऱ्यांत त्यांची रडारड, कुरकुर कमी होती. हा निबंध १९८४ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला.

पण रुग्ण ४६, रुग्णालय एकच, आणि झाडं पानांनी भरलेली असतात तेवढ्याच महिन्यांतल्या नोंदी. तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि व्यायाम चालूच ठेवा.

कॉट हलवण्याआधी तुम्ही स्वतः तिथं आडव्या होऊन बघा. उभ्यानं दिसणारा पिंपळ उशीवरून दिसेलच असं नाही. मध्ये कठडा येतो, एसीचा डबा येतो, वाळत घातलेल्या चादरी येतात. पिंपळ असल्यानं एक फायदा आहे. त्याच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक, त्यामुळे वारा पडलेला असला तरी चार पानं हलतच असतात आणि पडल्या पडल्या नजरेला चाळा मिळतो. टीव्ही मात्र मागोमाग तिकडे जाऊ देऊ नका. आणि त्या खोलीतून संडास लांब पडत असेल तर बेत सोडा. खुब्याच्या रुग्णाला झाडापेक्षा ते अंतर महत्त्वाचं.

प्रश्न : रोज सकाळी गॅलरीत पंधरा मिनिटांचा टायमर लावून समोरच्या गुलमोहरावर लक्ष केंद्रित करतो. तरी मन ऑफिसच्या कामाकडे पळतं. कुठं चुकतंय?
— आयटीतला एक वाचक, पुणे

उत्तर : टायमर लावण्यात. कामात आपण लक्ष ओढूनताणून एका जागी धरतो आणि त्यानं थकतो. स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचं म्हणणं असं, की ढग, पानांची सळसळ, खारीची पळापळ यांच्याकडे लक्ष आपसूक जातं, आणि तेवढ्यात ती दमलेली ताकद भरून येते. तुम्ही तिथंही लक्ष लावायला बसता, म्हणजे रविवारी ऑफिस उघडण्यातला प्रकार झाला. मन पळू द्या.

मजा आलीच पाहिजे असंही नाही. २००८ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना एकदा झाडीतून, एकदा शहरातल्या रहदारीतून चालायला लावलं होतं. ऐकलेले आकडे उलट्या क्रमानं म्हणून दाखवणं झाडीतून आल्यावर जास्त सुधारलं. कुडकुडत्या जानेवारीत चाललेल्यांचंही. चहाचा कप घेऊन बसा, फोन आत ठेवा. चहा संपला की उठा.

प्रश्न : निवृत्त झाल्यापासून यजमान तासन्‌तास खिडकीत बसतात. बोलणं जवळजवळ बंद, जेवण कमी, पहाटे तीनलाच जाग. मुलगा म्हणतो, निसर्ग बघतायत, बरंच आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलाचं म्हणणं मला पटत नाही. झाडाकडे बघत बसणारा माणूस अधूनमधून काहीतरी सांगतो : तांबट आला, शेजाऱ्यांनी फांदी तोडली. यांना संध्याकाळी सहज विचारा, आज काय दिसलं. जेवण, झोप आणि बोलणं तिन्ही आटलंय आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर नैराश्याची शंका घ्यायलाच हवी. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ते यायला तयार नसतील तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ला १४४१६ वर आधी तुम्ही एकट्यानं फोन करा, तो फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही अशा धर्तीचं काही ते बोलले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या, एकटं सोडू नका. जाताना चालू गोळ्यांची यादी बरोबर असू द्या. काही औषधांनीही अशी मरगळ येते.