रेडिओ मुका का? आंदोलक चिपची तपासणी

हाताने जुळवलेला रेडिओ पहिल्यांदा सुरू करताना काय होते ते पाहा. पडद्यावर ७.१०० हा आकडा छान उमटतो, खटका फिरवला की आकडा बदलतोही, पण कर्ण्यातून नुसती खरखर येते. कधी तीही येत नाही. अशा वेळी बहुतेक जण "चिप जळली" असा निकाल देऊन तापलेली डाखणी हातात घेतात. हा निकाल फार घाईचा असतो. पडद्यावरचा आकडा म्हणजे रेडिओची कंप्रता नव्हे, ती फर्मवेअरने केलेली घोषणा असते. घोषणेप्रमाणे काम होते आहे की नाही, हे वेगळे तपासावे लागते.

जुन्या हौशी रेडिओत वेटोळे आणि फिरते धारित्र मिळून कंप्रता ठरवत. आता ते काम बहुधा एसआय ५३५१ ही चिप करते. तिची लांबी-रुंदी जेमतेम ३ मिलिमीटर, पाय १०, आणि दोन पायांमधले अंतर अर्धा मिलिमीटर. तिच्या शेजारी २५ मेगॅहर्ट्झचा एक स्फटिक असतो. चिप या स्फटिकाच्या कंप्रतेला मोठ्या संख्येने गुणून ६०० ते ९०० मेगॅहर्ट्झच्या दरम्यान आणते आणि मग तिला भागून हवी ती कंप्रता देते.

एक उदाहरण करून पाहू. हैदराबादचे अशर फरहान यांनी २०१७ साली मायक्रो-बिटएक्स हा हौशी रेडिओ आखला. त्यात येणारा संदेश आधी ४५ मेगॅहर्ट्झवर नेला जातो. म्हणजे ७.१ मेगॅहर्ट्झ ऐकण्यासाठी चिपने ७.१ + ४५ = ५२.१ मेगॅहर्ट्झ द्यायला हवेत. आता ५२.१ ला १६ ने गुणा: ८३३.६. हे ६०० आणि ९०० च्या मध्ये आहे, ठीक. ८३३.६ ला २५ ने भागा: ३३.३४४, म्हणजे ३३ पूर्णांक ४३ छेद १२५. तेव्हा चिपला सांगायचे एवढेच की "३३ पूर्णांक ४३/१२५ ने गुण आणि १६ ने भाग." हे सांगणारा छोटा संगणक शेजारीच बसवलेला असतो, आणि त्याला काय सांगायचे हे शिकवणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. वहीत हे गणित एकदा स्वतः करा. पुढचे निम्मे दोष त्यातच दडलेले आहेत.

एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्यावी. या चिपची नेहमीची कोरी जात वीज गेली की सारे विसरते. दर वेळी रेडिओ चालू झाला की फर्मवेअरने तिला सगळा धडा पुन्हा द्यावा लागतो. धडा पोचला नाही तर चिप धडधाकट असूनही गप्प बसते.

मग सुरुवात कोठून करावी? विजेपासून. मल्टीमीटरने चिपच्या पुरवठ्याचा दाब मोजा. तो ३.३ व्होल्टच्या आसपास हवा. ३.८ व्होल्ट ही तिच्या सहनशक्तीची कमाल मर्यादा आहे. शेजारचा छोटा संगणक अनेकदा ५ व्होल्टवर चालतो, तेव्हा चुकून ५ व्होल्टची तार चिपला लागली असेल तर "जळली" हा संशय खरा ठरू शकतो.

यानंतर दोघांच्या बोलण्याच्या दोन तारा पाहा. एका तारेवर ठोके, दुसरीवर मजकूर. कोणी बोलत नसताना या दोन्ही तारा रोधांनी वर ओढलेल्या असतात, म्हणून दोहोंवर सुमारे ३.३ व्होल्ट दिसले पाहिजेत. एकीवर शून्य दिसले तर बहुधा डाखाचा बारीक थेंब शेजारच्या पायाला चिकटला आहे. हा थेंब नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेतले बहिर्गोल भिंग घ्या आणि विजेरीचा उजेड तिरपा पाडा. दोन्हींवर अर्धवट, डळमळता दाब दिसला तर वर ओढणारे रोध लावायचे राहिले असावेत. तार अशी अडकली की काही फर्मवेअर उत्तराची वाट पाहत कायमचे थांबते आणि पडदाही गोठतो. मग लोक पडदाच बदलत बसतात!

तारा ठीक असतील तर हजेरी घ्या. वर्गात गुरुजी क्रमांक पुकारतात आणि मुलगा "हजर" म्हणतो, तसेच इथे असते. छोट्या संगणकात तेवढ्यापुरती एक लहानशी आज्ञावली भरा. तिने १ पासून १२७ पर्यंतचे पत्ते एकेक करून पुकारावे. ज्याचा पत्ता असेल ती चिप मजकुराची तार क्षणभर खाली ओढते. हेच तिचे "हजर". एसआय ५३५१ चा नेहमीचा पत्ता दशमान पद्धतीत ९६, षोडशमान पद्धतीत ६०. इथे पुष्कळ जण ठेचकाळतात, कारण आज्ञावलीत षोडशमानाची खूण विसरून नुसते ६० लिहिले तर भलत्याच क्रमांकाला हाक जाते. काही चिप्सना कारखान्यातच वेगळा पत्ता दिलेला असतो. तेव्हा फक्त ९६ न पुकारता सगळी हजेरी घ्यावी हे बरे. "हजर" आले तर चिप जिवंत आहे. डाखणी बाजूला ठेवा.

आता दोष आकड्यांत शोधायचा. बाजारातल्या काही तयार पट्ट्यांवर २५ ऐवजी २७ मेगॅहर्ट्झचा स्फटिक असतो. फर्मवेअर मात्र २५ धरून हिशेब करते. मग प्रत्येक कंप्रता २७/२५, म्हणजे १.०८ पट होते. आपल्या उदाहरणातले ८३३.६ आता ९००.२८८ झाले, म्हणजे मर्यादेबाहेर गेले. इतकेच नव्हे, तर त्या रेडिओच्या पहिल्या आवृत्तीत आवाज काढून देणाऱ्या आंदोलकाला १२ मेगॅहर्ट्झ लागत, ते १२.९६ झाले. गाळणी १२ च्या आसपासचा अगदी अरुंद पट्टा सोडते, त्यामुळे संदेश आणि आंदोलक यांची गाठच पडत नाही. पडदा ७.१०० म्हणतो आणि रेडिओ पूर्ण मुका! स्फटिकाच्या धातूच्या टोपीवर कोरलेला आकडा वाचणे ही एवढ्या मोठ्या दोषाची एवढीशी तपासणी आहे.

दुसरा दोष जास्त फसवा. स्फटिक कधीच अचूक २५ चा नसतो. दुरुस्तीची संख्या संगणकाच्या कायम स्मृतीत लिहून ठेवतात. ही स्मृती कोरी असते तेव्हा तिच्या प्रत्येक घरात २५५ असतो. चार कोरी घरे मिळून वाचली तर फर्मवेअरच्या समजुतीप्रमाणे उणे १ तरी निघते, नाहीतर ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ तरी! आणि नवे फर्मवेअर भरल्याने ही स्मृती सहसा पुसली जात नाही. जुन्या फर्मवेअरने जिथे दुरुस्ती लिहिली तिथे नवे फर्मवेअर भलतेच काही शोधत असेल, तर काल बोलणारा रेडिओ आज गप्प होतो. म्हणून नवे भरण्यापूर्वी जुन्या संख्या वहीत उतरवाव्यात, आणि नंतर स्मृती पुसून त्या पुन्हा द्याव्यात.

दुरुस्तीची संख्या काढायला महागडे उपकरण लागत नाही. घरचा मध्यम लहरींचा रेडिओ एखाद्या जवळच्या स्थानकावर लावा. समजा ते १०४४ किलोहर्ट्झवर आहे. चिपलाही तेवढीच कंप्रता द्यायला सांगा आणि तिच्या पायाला वीतभर तार जोडून ती रेडिओजवळ ठेवा. (वीतभरच, लांब तार जोडली तर शेजाऱ्यांचाही कार्यक्रम बिघडेल.) स्थानकाचा आवाज थरथरू लागेल. तबल्याच्या दोन जवळजवळ जुळलेल्या स्वरांत जशी विस्पंदने ऐकू येतात तशीच ही. सेकंदाला सुमारे १० थरथरी आल्या तर फरक १० हर्ट्झचा, म्हणजे १० लाखांत जवळजवळ १०. चिप पुढे आहे की मागे, हे कळण्यासाठी आकडा ५ हर्ट्झने कमी करा. थरथर मंदावली तर चिप पुढे होती. वाढली तर मागे. हे न पाहता दुरुस्तीचे चिन्ह उलटे दिले तर १० चा फरक २० होतो.

१० लाखांत १० हे नगण्य वाटते, पण २८ मेगॅहर्ट्झवर ते २८० हर्ट्झ होतात आणि माणसाचा आवाज ओळखू येईनासा होतो. दुरुस्ती करण्यापूर्वी रेडिओ अर्धा तास चालू ठेवा, कारण तापताना स्फटिक सरकतो. पंख्याचा वाराही त्याला चालत नाही.

शेवटी एक दोष असा, की जो ऐकताना दिसतच नाही. परवानाधारक मंडळी बोलण्याचा खटका दाबतात तेव्हा प्रेषक एकदम जास्त वीज ओढतो. पुरवठा क्षीण असेल तर चिपचा दाब क्षणभर कोसळतो आणि ती सारे विसरते; संगणक मात्र तगून राहतो आणि पडद्यावर ७.१०० तसेच दिसते. फर्मवेअर फक्त बदललेले आकडे पाठवणारे असेल, तर चिपला पूर्ण धडा पुन्हा मिळत नाही. रेडिओ बंद करून चालू केला की सारे ठीक होते, आणि पुन्हा खटका दाबला की पुन्हा मुका. हे लक्षण दिसले तर चिपच्या पुरवठ्याच्या पायालगत धारित्र आहे ना ते पाहा, पुरवठ्याच्या तारा जाड करा आणि खटका दाबताना मल्टीमीटरवर नजर ठेवा. मल्टीमीटर मंद असतो, क्षणिक खड्डा त्याला चुकू शकतो. म्हणून खटका सुटल्यावर फर्मवेअरने चिपला सगळा धडा पुन्हा द्यावा, अशी सोय करून पाहणे उत्तम.

हा प्रयोग प्रेषकावर करायचा तर शाळेतल्या मुलांनी परवानाधारक हौशी व्यक्तीला शेजारी बसवावे, आणि आकाशकाचे टोक काढून तिथे ५० ओहमचा, पुरेशा वॅटचा रोध लावावा. आपल्याकडे ४० मीटरचा हौशी पट्टा ७.० ते ७.२ मेगॅहर्ट्झ एवढाच आहे. पडदा ७.१९९ म्हणत असताना प्रत्यक्षात चिप कोठे आहे, हे आधी थरथरी मोजून ठरवलेले असले पाहिजे.